बखर एका फिल्टरची

परवाच्या रविवारी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी मोटारीचा एक भाग स्वतःच्या हातांनी बदलला. हसू नका मंडळी! चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. हाताला खडूशिवाय कशाची सवय नाही. घरात पाना-पक्कड लागली तर शेजाऱ्यांकडून आणायची आणि परत करायला विसरायचं, एवढाच माझा यंत्रांशी संबंध. पण त्या रविवारी जे काही हाती लागलं, त्यानं मला अजून दोन रात्री नीट झोप लागलेली नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात अशी झाली. मोठा नातू डिप्लोमाला आहे, मेकॅनिकल. सुट्टीत आला होता. त्याला घेऊन मंडईत गेलो तर गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आबा, एसीचा पंखा चारवर आहे आणि वारा दोनचा येतोय. आणि हा कुबट वास कसला? केबिन फिल्टर कधी बदललात?"

मी ऐटीत सांगितलं, "तीनदा बदललाय. बिलं आहेत घरी."

खरं सांगायचं तर हा फिल्टर म्हणजे काय, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बिलावर शब्द वाचला होता, इतकंच. गाडीत हवेचे फिल्टर दोन असतात. एक इंजिनाला लागणाऱ्या हवेचा आणि दुसरा आत बसलेल्या माणसांना लागणाऱ्या हवेचा. गंमत बघा, इंजिनाच्या नाकाला गाळणी बसू लागली १९२०च्या दशकात. माणसाच्या नाकाचा विचार त्यानंतर झाला. यंत्र बिघडलं तर खर्च येतो, माणूस खोकला तर खोकू दे, असा काहीसा हिशेब असावा.

घरी आल्यावर नातू म्हणाला, "डावीकडचा कप्पा रिकामा करा." कप्प्यातून निघालं ते असं: मुदत संपलेले चार पीयूसी, जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी, एका चष्म्याची एक काडी, आणि गोळ्या-बिस्किटांचा चुरा. या कप्प्याला आपण सगळेच 'ग्लव्ह बॉक्स' म्हणतो, पण त्यात हातमोजे ठेवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मग हे नाव कुठून आलं?

त्याचं उत्तर धुळीतच आहे. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. वर छत नाही, बाजूला काचा नाहीत, खाली कच्चा रस्ता. मोटार चालवणारा माणूस गॉगल, लांब झगा आणि हातमोजे घालूनच बाहेर पडे. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या बाई मोटारींच्या शर्यतींत भाग घेत. त्यांनी १९०९ साली 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक लिहिलं. आपल्या गाडीत आसनाखाली असलेल्या एका छोट्या खणाची त्यांनी त्यात मोठी वाखाणणी केली आहे, आणि त्या खणात स्वच्छ हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड ठेवावा असं सुचवलं आहे. म्हणजे धूळ आधीच होती, तिच्यापासून वाचायला हातमोजे आले आणि हातमोज्यांसाठी कप्पा. पुढे हातमोजे गेले आणि कप्पा राहिला. भाषेतही असंच होतं. वस्तू जाते आणि शब्द मागे राहतो.

धुळीचा त्रास गाडीतल्यांना होता, त्याहून जास्त रस्त्याकडेच्या लोकांना होता. मोनॅकोमध्ये १९०२ साली हा प्रश्न इतका वाढला की तिथल्या राजाच्या पुढाकारानं एर्न्स्ट गुग्लिएल्मिनेटी या स्विस डॉक्टरांनी रस्त्यावर गरम डांबर पसरून पाहिलं. धूळ बसली! लोक त्यांना 'डॉक्टर डांबर' म्हणू लागले. मला या गोष्टीत आवडतं ते हे की रस्त्यावर डांबर टाकायची खटपट करणारा हा माणूस इंजिनियर नव्हता, डॉक्टर होता. धूळ हा रस्त्याचा प्रश्न नसून फुफ्फुसाचा आहे, हे त्याला दिसलं होतं.

असो. तर कप्पा रिकामा झाला. नातवानं त्याच्या एका बाजूची छोटी दोरीसारखी पट्टी सोडवली, दोन्ही कडा आत दाबल्या आणि अख्खा कप्पा पुढे झुकून खाली लोंबकळला. मागे एक काळी पेटी होती. तिला आडवं झाकण आणि दोन बाजूंना दोन चाप. (हे सगळ्याच गाड्यांत इथे नसतं बरं का. काहींत ते बॉनेट उघडल्यावर वायपरच्या मुळाशी असतं, काहींत चालवणाऱ्याच्या पायांजवळ. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आपण कधीच वाचत नाही.)

"आता तुम्ही काढा आबा," नातू म्हणाला. मी चाप दाबले आणि ओढलं.

शाळेतल्या पाटीहून थोडी लहान, घड्याघड्यांची एक चौकट बाहेर आली. नवा फिल्टर पांढरा असतो म्हणे. हा चुलीमागच्या भिंतीसारखा होता. घड्यांमध्ये माती, केस, एका पाखराचं पीस, पानांचा भुगा आणि वाळून तपकिरी झालेल्या बारीक लांब नळ्या. मी एक नळी उचलून हातावर घेतली आणि ओळखली. बुचाचं फूल होतं ते.

इथे थोडं थांबतो, कारण बुचाच्या फुलाला या गोष्टीत साक्षीदार म्हणून उभं करायचं आहे. आणि ही गाळणी तिथे आली कशी, तेही सांगायचं आहे.

दुपारी बंद खोलीत कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते. हा कवडसा आपण सगळ्यांनी पाहिला, पण जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं तो अभ्यासासाठी घेतला. १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं धूळ आणि रोग यांवर व्याख्यान दिलं. हवेत तरंगणारे कण प्रकाशाच्या झोतात दाखवले आणि हवा कापसातून गाळली की झोत दिसेनासा होतो, हेही दाखवलं. त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं नाकातोंडावर बांधायचा कोळशाचा मुखवटा तयार केला होता. कापूस धूळ अडवतो आणि कोळसा वास व वायू शोषतो. पुढे टिंडलनं या दोन्हींची सांगड घालून आगीच्या बंबावरच्या लोकांसाठी धुरात वापरायचा मुखवटा बनवला. आज दुकानात 'चारकोल फिल्टर' म्हणून जो जास्त किमतीला मिळतो, त्याच्या मुळाशी ही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचीच जोडी आहे.

मग आलं पहिलं महायुद्ध. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर आपली लाहोर डिव्हिजन हल्ल्यात उतरली. आपल्या जवानांकडे त्या वेळी मुखवटे नव्हते. ओली फडकी नाकाला लावून ते लढले. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनाही वायूची बाधा झाली होती. पाठ्यपुस्तकात हे युद्ध दोन पानांत संपायचं आणि मीही ते दोन तासांत संपवायचो. त्या ओल्या फडक्यांवर मी वर्गात कधी बोललो नाही, याची आता रुखरुख वाटते.

त्यानंतर सगळीच राष्ट्रं मुखवट्याच्या मागे लागली. कोळसा सर्वांत चांगला कशाचा, तर नारळाच्या करवंटीचा! घट्ट, कठीण आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं. अमेरिकेत १९१८ साली करवंट्या पुरेनात म्हणून सरकारनं लोकांना पीच फळांच्या कोया आणि अक्रोडासारखी टरफलं गोळा करून द्यायला सांगितलं. शाळेची मुलंसुद्धा कोया जमवत होती. आमच्या कोकणातल्या घरी करवंट्या बंबात जात. त्या जळताना कोणाला वाटलं असेल की यातून माणसाचा श्वास वाचतो?

मोटारीत गाळणी आली ती १९३८ मध्ये. अमेरिकेतल्या नॅश कंपनीनं त्या वर्षी अशी सोय काढली की बाहेरची हवा काचेच्या पुढून आत घ्यायची, फिल्टरमधून गाळायची, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवायची आणि आत सोडायची. आत हवेचा दाब किंचित जास्त राही, त्यामुळे फटींतून धूळ शिरत नसे. पुढच्या वर्षी तिला तापमान राखणारं यंत्र जोडलं गेलं आणि नाव पडलं 'वेदर आय'. हीच नॅश कंपनी १९३७ मध्ये फ्रिज बनवणाऱ्या केल्व्हिनेटरशी एक झाली होती. १९३९ साली पॅकार्ड कंपनीनं गाडी थंड करायची सोय जाहीर केली. ती बंद करायची झाली तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. आपला एसी एका बोटानं बंद होतो आणि तरी आपण कुरकुर करतो!

स्वीडनच्या साब कंपनीनं १९७८ मध्ये आपल्या ९०० मॉडेलला केबिन फिल्टर दिला आणि तो जगात पहिला असल्याचं सांगितलं गेलं. नॅशवाले काय म्हणाले असते कोण जाणे. 'जगातील पहिला' हे शब्द दिसले की 'कशातला पहिला?' असं आधी विचारावं, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. १९८९ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांत न विणलेल्या कृत्रिम धाग्यांचे फिल्टर आले आणि तिथून ते हळूहळू लहान गाड्यांपर्यंत उतरले.

आपल्याकडे? आमच्या मुख्याध्यापकांची फियाट होती. तिला पुढच्या खिडकीत एक त्रिकोणी काच असे. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. हाच आमचा एसी. एकदा स्नेहसंमेलनाचं सामान आणायला आम्ही चौघे वाईला गेलो होतो. उतरलो तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या! अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. त्या गाड्यांत धूळ येत होती आणि जातही होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, पुढे एसी आला आणि आपण काचा वर केल्या त्या केल्याच. डबा बंद झाला. आणि डबा बंद झाला की आत येणारी हवा ज्या एका वाटेनं येते, ती वाट स्वच्छ ठेवावी लागते. उघड्या गाडीला गाळणीचा उपयोग नव्हता, बंद गाडीला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

एक गोष्ट नातवाकडून कळली ती सांगतो. हा फिल्टर चहाच्या गाळणीसारखा नसतो. धाग्यांमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. तरी कण अडकतात, कारण ते धाग्यांवर आपटून चिकटतात आणि चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर कायमचा विद्युतभार ठेवलेला असतो. दाढीचा फणी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आठवा! पीटर त्साय यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये ज्या भारित धाग्याचं पेटंट घेतलं, तो पुढे एन-९५ मास्कमध्ये गेला. २०२० मध्ये आपण सगळे नाकावर बांधून हिंडलो तो मास्क आणि गाडीतला हा फिल्टर एकाच घराण्यातले. म्हणून हा फिल्टर धुऊन किंवा जोरात हवा मारून पुन्हा बसवू नये. दिसायला तो स्वच्छ होतो, पण त्याचा गुण जातो.

आता बुचाचं फूल.

ही गाडी मी २०१२ साली घेतली. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होतो. वाड्याच्या मागे बुचाचं उंच झाड होतं आणि गाडी त्याच्याच खाली उभी असे. पावसाळा सरला की सकाळी टपावर पांढऱ्या फुलांचा सडा. सौ. तो झाडायची नाही, वेचायची. २०१६ मध्ये वाडा पाडला आणि आम्ही या फ्लॅटवर आलो. इथे गाडी तळघरात उभी असते. आसपास बुचाचं झाड औषधालासुद्धा नाही.

आणि माझ्या फाइलीतली बिलं होती २०१७, २०१९ आणि २०२२ ची. तिन्हींवर स्पष्ट लिहिलेलं: केबिन फिल्टर, नग एक, बदलला.

नातवानं चौकट उजेडात धरली. कडेला बारीक ठसा होता, २०१२ चा. म्हणजे गाडीबरोबर आला तोच हा फिल्टर. बारा-तेरा वर्षं कोणी त्याला हात लावलेला नव्हता. पैसे मात्र तीनदा घेतले होते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी उभा जन्म अस्सल कागद जमवण्यात घालवला, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांनी १८९८ पासून छापली, आणि बखरीवर आंधळा विश्वास ठेवू नका असं बजावलं. हे मी किती पिढ्यांना शिकवलं! आणि माझ्या घरात तीन बिलं मी अस्सल कागद म्हणून जपून ठेवली होती. ती बखरी निघाल्या. खरा पुरावा होता एक सुकलेलं फूल, आणि तो कप्प्यामागे होता, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

पैशाचं मला फार वाटलं नाही. ज्या गॅरेजातून कामं करून घ्यायचो तिथे जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो. मालक म्हणाला, "काका, पोरांनी घोटाळा केला असेल," आणि पैसे परत देऊ लागला. मी घेतले आणि निघालो. भांडायचं त्राणच नव्हतं. कारण मनात भलतंच चाललं होतं.

सौ.ला दमा आहे. गेली सहा-सात वर्षं ती म्हणत होती, "अहो, या गाडीत मला कोंडल्यासारखं होतं. एसीतून कसलासा वास येतो." मी काय म्हणायचो? "अगं, फिल्टर बदललाय, बिल आहे. तुला गाडी लागते, एवढंच." ती काच खाली करायची, मी धूळ येते म्हणून वर करायचो. हळूहळू तिनं लांबच्या प्रवासाला येणं बंद केलं. २०२३ च्या दिवाळीत तिची थोरली बहीण साताऱ्याला आजारी होती. भाऊबीज झाल्यावर मी निघालो, तेव्हा ही दारात उभी राहून म्हणाली, "तुम्हीच जाऊन या. मला नाही झेपायचं." मी रागावलो. मनाचे खेळ आहेत, असंही म्हणालो. माघात ताई गेल्या. दोघी बहिणींची भेट झाली नाही ती नाहीच.

फिल्टरमुळे दमा झाला असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, दम्याची कारणं पुष्कळ असतात, पण धूळ आणि बुरशी यांनी त्रास उफाळतो हे नक्की. फिल्टर वेळेवर बदलला असता तर ती साताऱ्याला आली असती का, हे सिद्ध करता येणार नाही. इतिहासात 'जर-तर' नसतं, हेही मीच शिकवलंय. पण एक सिद्ध आहे. माझ्यासमोर एक जिवंत साक्षीदार वर्षानुवर्षं साक्ष देत होता आणि मी कागद बघत बसलो होतो.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. बुचाची ती नळी तिच्या हातावर ठेवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा तुम्ही बिल दाखवलंत. नाक माझं होतं."

याला उत्तर नव्हतं. मी दिलंही नाही. चूक झाली एवढंच म्हणालो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फार वेळा वापरलेलं नाही.

नवा फिल्टर साडेतीनशे रुपयांना मिळाला. बसवायला पाच मिनिटं. त्याच्या कडेवर एक बाण असतो, हवेचा प्रवाह दाखवणारा. आमच्या गाडीत तो खाली तोंड करून ठेवायचा. झाकण लावायचं, दोन्ही चाप 'टक' असे वाजेपर्यंत दाबायचे, कप्पा वर ढकलायचा. वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलावा म्हणतात. आपल्याकडे धूळ आणि बांधकामं बघता त्याआधी एकदा उघडून बघितलेलं बरं. दुसऱ्या कोणाकडून बदलून घेतलात तर जुना फिल्टर हातात मागा. हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

बसवण्यापूर्वी मी स्केच पेनानं चौकटीवर तारीख घातली आणि खाली सही केली. पुढच्या संशोधकाची सोय! सौ. बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "जुन्या कागदांवर शेवटी साक्ष असते ना? मग माझं नाव घाला."

घातलं. परवा गुरुवारी आम्ही साताऱ्याला जाणार आहोत. ताईंचं घर बंद आहे, पण किल्ली शेजारी असते. खंबाटकी चढताना काच वर ठेवायची की खाली, ते तीच ठरवणार आहे.